सोमवार ते शुक्रवार व्हॅनमध्ये: ठाणे-नवी मुंबईत कामाला येणाऱ्यांसाठी कार्गो व्हॅनचं राहतं घर

घर नाशिकला, जुन्नरला किंवा साताऱ्याला, आणि नोकरी महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटला, अशी माणसं या पट्ट्यात ढिगाने आहेत. कुणी एका खोलीत चौघं राहतात, कुणी रोजचा प्रवास अंगावर काढतात. सोमवारी पहाटे निघून शुक्रवारी संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला इथे झोपायच्या रात्री फक्त चार. तेवढ्यासाठी अनामत, दलाली आणि अकरा महिन्यांचा करार जिवावर येतो. शनिवार-रविवारी गावाकडे शेतमाल किंवा दुकानाचा माल वाहायला व्हॅन लागतच असेल, तर आठवडाभर तिच्यातच राहण्याचा विचार करण्यासारखा आहे.

हे सगळ्यांना जमणारं नाही. माणूस एकटा हवा, नोकरी दिवसपाळीची हवी आणि कामाच्या ठिकाणी आंघोळीची सोय हवी किंवा जवळपास तरी हवी. रात्रपाळीवाल्यांनी हा नाद करू नये. एप्रिलमध्ये दुपारी उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीत झोप लागत नाही आणि ते प्रकृतीलाही घातक आहे.

बहुतेक जण सुरुवात पलंग आणि कपाटापासून करतात. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत क्रम उलटा लागतो. आधी गाडी उभी करायची जागा, मग कागदपत्रं, मग पाऊस आणि हवा, त्यानंतर वीज, आणि पलंग सर्वांत शेवटी. दुसरं म्हणजे, जे काही कराल ते शुक्रवारी रात्री तासाभरात बाहेर काढता आलं पाहिजे. त्याने व्हॅन मालासाठी मोकळी होते आणि कायद्याच्या कटकटीही बऱ्याच टळतात.

गाडी घ्यायच्या आधी जागा

चार रात्री गाडी कुठे उभी राहणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. रस्त्याच्या कडेला हे उत्तर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेता येते. पाम बीच रोडसारख्या वेगवान रस्त्यालगत झोपणं तर जिवाशी खेळ आहे.

माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय गावठाणातला. घणसोली, कोपरखैरणे, महापे, शिरवणे, करावे ही मूळ आगरी-कोळ्यांची गावं शहराच्या पोटात आजही आहेत. एखाद्या घरमालकाची मोकळी जागा किंवा अंगण, सोबत नळ, संडास-बाथरूम आणि एक प्लग, एवढं महिन्याच्या भाड्याने ठरवायचं. दारात आजी बसलेली असते, पोरं खेळत असतात, कोण आलं-गेलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न बराचसा मिटतो. एकट्या स्त्रीला मी याखेरीज दुसरी जागा सुचवणार नाही. काका-मावशींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मी गाडीतच झोपणार आहे. लपवाछपवी करून चौथ्या दिवशी वाद होण्यापेक्षा ते बरं. ठरलेलं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

दुसरा पर्याय कंपनीचं आवार. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत मालक ओळखीचा असेल तर परवानगी मिळते, पण ती लेखी घ्या आणि सुरक्षारक्षकाकडे एक प्रत ठेवा. रेल्वे स्थानकांच्या पे-अँड-पार्कमध्ये गाडी रात्रभर ठेवू देतात की नाही हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. गाडीत झोपणं हा तिथे निराळा मुद्दा आहे. तुर्भे आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये जागा मिळेल, पण शेजारचा ट्रक रात्री इंजिन चालू ठेवतो आणि त्याचा धूर थेट तुमच्या खिडकीत येतो.

जागा पाहायला पावसाळ्यात, भरतीच्या वेळी जा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. पावसाचं पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव बांधले आहेत, पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याला खाडीत उतरायला वाट राहत नाही. ठाण्यात जुन्या गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावू नका. जूनच्या पहिल्या वाऱ्यांत फांद्या तिथेच पडतात.

कोणती गाडी, आणि कागदपत्रं

दोन गाड्यांचा विचार बहुतेकांना परवडतो. मारुती इको कार्गो स्वस्त, गल्लीबोळात जाणारी आणि कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी आहे. गाडीची बाहेरची उंचीच १.८ मीटरच्या आसपास, त्यामुळे आत उभं राहता येत नाही. झोपायचं, बसायचं आणि उतरायचं, एवढंच. टाटा विंगर कार्गोचा मालाचा भाग साधारण ३.२ मीटर लांब, १.६४ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच आहे. सरासरी उंचीचा माणूस आत ताठ उभा राहून पँट घालू शकतो, आणि याची किंमत आठवडाभर राहिल्यावरच कळते. पण १.६४ मीटर म्हणजे पाच फूट साडेचार इंच, त्यामुळे आडवं झोपायचा बेत आखू नका. पलंग लांबीच्या दिशेनेच लागेल. टाटा एससारख्या छोट्या टेम्पोत केबिन आणि हौदा वेगळे असतात, ते यासाठी नकोत.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. केबिन आणि मागच्या भागात पूर्ण बंद पत्रा आहे का? असेल तर हवा अडते. जमिनीच्या कडांना आणि चाकांच्या कमानींवर गंज किती आहे? आणि मागचं दार आतून उघडतं का? मालाच्या गाड्यांत आतल्या बाजूला कडी नसणं अगदी नेहमीचं आहे. बाहेर कुणाला तरी उभं करून, आत स्वतःला कोंडून हे करून पाहा. आतून उघडत नसेल तर कुलूपवाल्याकडून खेच-तार बसवून घ्या. त्याशिवाय त्या गाडीत एकही रात्र झोपू नये.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. कलम १८२-अ प्रमाणे त्याची शिक्षा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून छत कापणं, बाजूच्या पत्र्यात नवी खिडकी काढणं, मागे सीट बसवणं हे करू नका. पूर्ण बांधीव कॅम्पर हवी असेल तर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-वाहतूक वाहनांचा स्वतंत्र प्रकार आहे आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा. आपण करतोय ते सुटं सामान आहे, तरी काम सुरू करण्यापूर्वी कागदावर साधी आकृती काढून आपल्या आरटीओत दाखवा. ठाण्याची पासिंग एमएच-०४, वाशीची एमएच-४३. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, त्या दिवशी सगळं उतरवूनच जा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि गाडी चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही.

आधी पाऊस, मग पत्रा

गाडी पूर्ण रिकामी करून धुवा. वाळली की जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा, आत एकाने टॉर्च घेऊन बसा आणि दुसऱ्याने छतावर, दारांच्या रबरांवर, मागच्या दिव्यांभोवती पंधरा मिनिटं नळीने पाणी मारा. कागदावर जिथे ठिपका उमटेल तिथे वर खडूने खूण करा. गळती बहुतेक दाराच्या दबलेल्या रबरातून आणि मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून येते. रबर बदला. सिलिकॉन थापून वेळ मारून नेली तर ते जुलैत सुटतं. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जवळपास सगळ्या गाड्यांची रबरं मिळतात.

गंज तारेच्या ब्रशने घासून, वर गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या. पत्र्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजवू नका.

उष्णतेसाठी एसीच्या पाइपांना लावतात ते बंद छिद्रांचं नायट्राइल रबर घ्या, मागून चिकट आणि वर ॲल्युमिनियमचा थर असलेलं. एसीच्या सुट्या सामानाच्या दुकानात ते शीटमध्ये मिळतं. छताला १९ मिलिमीटर, बाजूंना १३ पुरेसं. पत्रा थिनरने पुसून कोरडा केल्याशिवाय चिकटवू नका आणि हे काम पावसाळ्यात करू नका. ग्लासवूल इथल्या हवेत ओल धरून बसतं आणि मागे पत्रा कुजवतं. थर्माकोल भसकन पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. दोन्ही स्वस्त आहेत, तरी नकोत.

जमिनीवर १२ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का पाहून. कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात मारा. तो पकडायला गाडीत आधीपासून असलेले माल बांधायचे हुकच वापरा. ड्रिल मारायचीच वेळ आली तर आधी गाडीखाली जाऊन पाहा, कारण इंधनाची टाकी, ब्रेकची पाइप आणि वायरिंग तिथूनच जातं.

हवा

लोक सर्वांत कमी विचार याचा करतात. विंगरच्या मागच्या भागात साधारण दहा घनमीटर हवा असते. झोपलेला माणूस तासाला बारा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. दारं-खिडक्या गच्च लावल्या तर चार तासांत हवेतलं त्याचं प्रमाण नेहमीच्या दहापट होतं, आणि सकाळी डोकं जड होऊन उठायला होतं. शिवाय श्वासातून आणि घामातून रात्रभरात दोन-तीन कप पाणी बाहेर पडतं. ते पत्र्यावर, गादीत, कपड्यांत जाऊन बसतं आणि आठवड्याभरात बुरशीचा वास सुरू होतो. म्हणजे एका टोकाने हवा आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर, अशी सोय पाहिजेच.

छत न कापता हे असं करा. पुढच्या डाव्या दाराची काच साधारण सोळा सेंटिमीटर खाली घ्या आणि त्या फटीचा पुठ्ठ्याचा साचा कापा. साचा वरच्या खाचेत अडकेल आणि खाली काचेवर बसेल असा तासत जा. तो नीट बसला की चार मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेट किंवा एसीपी शीटमध्ये तोच आकार कापून घ्या. साइनबोर्डवाले हे काम पटकन करून देतात. तिच्यात कॉम्प्युटरचे १२० मिलिमीटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे बसवा, वारा बाहेर फेकणारे. बाहेरून स्टीलची बारीक मच्छरजाळी, कडेने रबराची बीडिंग, आणि दारावर पावसाचा व्हायझर. सकाळी पट्टी काढून सीटमागे ठेवायची, काच वर घ्यायची, गाडी पहिल्यासारखी.

हवा आत येणार मागच्या दारातून. दार दीड-दोन इंच उघडं राहील आणि तरी बाहेरून ओढून उघडणार नाही असा लांब दांड्याचा आकडा वेल्डरकडून करून घ्या, फटीला जाळीची पट्टी लावा. दोन्ही पुढच्या खिडक्या उघडून भागत नाही. हवा पुढच्या पुढेच फिरते आणि झोपणारा मागे घुसमटतो.

झालं की अगरबत्ती लावून मागच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला जाऊन पुढे खिडकीकडे जायला हवा. मध्येच रेंगाळला तर कुठेतरी तिसरी फट हवा खातेय, बहुतेक दुसऱ्या पुढच्या दाराची. अंगावर वारा द्यायला वेगळा एक डीसी पंखा लागेलच. मे महिन्यात तोच खरा आधार.

इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणं कधीच नको. उभ्या गाडीचा धूर फटींतून आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला जागही येत नाही. त्याचा बॅटरीवर चालणारा अलार्म उशाजवळ लावा, शेजारच्या गाडीच्या धुरासाठीही तो लागतो.

वीज: हिशोब आधी, खरेदी नंतर

एका रात्रीचा खर्च मांडू. अंगावरचा पंखा १५ वॅटचा, नऊ तास, म्हणजे १३५ वॅट-तास. खिडकीचे दोन पंखे मिळून ८ वॅट, नऊ तासांचे ७२. दिवा २४, फोन २०, लॅपटॉपचं एक चार्जिंग ६५. बेरीज ३१६, गळती धरून ३५० म्हणू. चार रात्रींचे १४०० वॅट-तास.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात, त्यातले हजारेक निर्धास्त वापरावेत. म्हणजे जवळजवळ तीन रात्री. सोमवारी नाशिक किंवा साताऱ्याहून येताना इंजिनावर ती भरते. त्यासाठी २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे गाडीच्या विजेवरून दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज करणारा भाग, व्होल्टेज खाली-वर करत राहतो, त्यामुळे थेट वायर ओढून लिथियम बॅटरी नीट भरत नाही. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात आठ-नऊशे वॅट-तास जमा होतात. मग बुधवारी एकदा अंगणातल्या किंवा कंपनीतल्या प्लगवर १० अँपिअरचा चार्जर चार तास लावला की आठवडा निघतो.

या हिशोबात सौर पॅनेल कुठेच नाही आणि माझ्या मते पहिल्या वर्षी ते घेऊच नये. गाडी शक्यतो सावलीतच लावायची असते, आणि पावसाळ्यात पॅनेलचं उत्पादन फारच घसरतं. छोटा १२ व्होल्टचा एसी ४०० ते ६०० वॅट ओढतो. रात्रभरासाठी अशा तीन-चार बॅटऱ्या लागतील, म्हणून तोही नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती नकोच.

जोडणी करताना: बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज, तिथून फ्यूजबॉक्सपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. पंखे-दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर वायर आणि प्रत्येकाला स्वतंत्र लहान फ्यूज. गाडीच्या बॅटरीकडून येणाऱ्या केबललाही त्या टोकाला फ्यूज हवा. केबलच्या टोकाचे धातूचे लग हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घ्या, पक्कडने चेपलेले लग तापतात. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रिंग, घाला, नाहीतर कंपनाने पत्रा वायर कापतो. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर न घेता १२ व्होल्टवर चालणारा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर घ्या. सामान मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एका फेरीत मिळतं. जोडणी मात्र गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बॅटरी, चार्जर, फ्यूजबॉक्स सगळं एका हँडल असलेल्या प्लायच्या पेटीत बसवा, बाहेर दोन मोठे कनेक्टर. शुक्रवारी कनेक्टर काढले की पेटी उचलून घरात. दाराशी एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हवा.

पलंग, पाणी, जेवण

कामाला हात घालण्याआधी जमिनीवर खडूने पलंगाचा चौकोन आखा आणि त्यात खरंच झोपून पाहा, कुशीवर वळून, गुडघे दुमडून. सहा फूट बाय सव्वादोन फूट एकट्याला पुरतो. एक इंची चौकोनी पाइपची दुमडती चौकट, वर लाकडी पट्ट्या दोन-दोन बोटांच्या अंतराने, म्हणजे गादीखालून हवा खेळते. अखंड प्लायवर गादी टाकली की खाली ओल येते. गादी काथ्याची घ्या, ती दमट हवेत फोमपेक्षा बरी टिकते. खाली दोन झाकणबंद पेट्या: एकीत कपडे, दुसरीत बाकी सगळं. प्रत्येक वस्तू पट्ट्याने हुकाला बांधलेली हवी, जोरात ब्रेक लागला तर वीस किलोची सुटी पेटी तुमच्या पाठीत येईल.

स्वयंपाक गाडीत करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, आणि बंद पत्र्यात एक ठिणगी पुरते. ठाण्या-नवी मुंबईत पोळी-भाजी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं. घरून भडंग, लाडू, चटणी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्या आणि झुरळं गाडीतही येतात. पाण्याला वीस लिटरचा एक नळाचा कॅन, खाली तोंड धुवायला बादली. संडास-आंघोळ जागेच्या करारातच असावी, नसेल तर पहाटे उघडणारं जिम.

सगळं भरून झालं की तुर्भे-कळंबोलीकडच्या एखाद्या काट्यावर गाडीचं वजन करा, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी. आरसीवरच्या मर्यादेशी ताडून पाहा आणि मगच टायरमधली हवा ठरवा.

आठवड्याचा क्रम

पहिली रात्र गावाकडे, घराच्या अंगणात झोपा. काय कमी पडतं ते तिथेच कळेल आणि दोन पावलांवर घर असेल. नंतरच मुंबईकडे आणा.

रोज सकाळी गादी उभी करून ठेवा, दोन्ही दारं दहा मिनिटं सताड उघडा. ओला टॉवेल, ओली छत्री रात्री आत नको, पुढच्या सीटवर किंवा बाहेर दोरीवर. पावसाळ्यात आठवड्याला एकदा नायट्राइलच्या कडा बोटाने दाबून पाहा. बोट ओलं झालं तर तो तुकडा सोडवून पत्रा पुसा, गळती शोधा आणि मगच परत चिकटवा. शुक्रवारी निघण्याआधी अंगण झाडून द्या आणि महिना संपत आला असेल तर भाडं हातात द्या. घरी पोचल्यावर गादी-चादरी उन्हात टाका, बॅटरीची पेटी काढून ठेवा. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता निम्म्यावर ठेवा, जास्त वर्षं टिकते.